‘कोर्ट’ : कॅमेरा कुणाकुणाच्या घरी जातो?

‘कोर्ट’वर मराठीत पुष्कळ लिहून झालंय. कुणी त्यातला संथपणा वाखाणला, कुणी न हलणारा कॅमेरा, कुणी व्हेनिसचं २०१४ चं बक्षीस आणि मागाहून मिळालेलं सुवर्णकमळ. नारायण कांबळे कुठल्या वस्तीतून आला आणि वासुदेव पवार गटारात का उतरला, हे दोन प्रश्न मात्र ‘व्यवस्थेचं विदारक चित्र’ या गुळगुळीत दगडाखाली दाबले गेले. तो दगड उचलावा म्हणून हे लिहितोय.

चैतन्य ताम्हाणे यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा सिनेमा एप्रिल २०१५ मध्ये थेटरात लागला. गोष्ट एवढीच. नारायण कांबळे हा म्हातारा शाहीर. पोरांची शिकवणी घेतो, वस्त्यांमधून गातो. मुंबईत एक गटारकामगार मेलेला सापडतो. पोलीस म्हणतात, शाहिराचं गाणं ऐकून त्यानं जीव दिला. कलम ३०६, आत्महत्येला चिथावणी. गाणं हे हत्यार, आणि गटारातला विषारी वायू मात्र निर्दोष!

इथं हसू येतं. यायलाच पाहिजे. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं बाजारहाटाची यादी वाचावी तशी सपाट वाचत जातात. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा काढतात. इंग्रजांनी आपल्या टीकाकारांची तोंडं बांधायला केलेला हा कायदा २०१८ च्या सुरुवातीला पुस्तकातून निघाला, पण सिनेमातल्या कोर्टात तो ताजा टवटवीत आहे. पोलिसांचा पंच असा, की तो आधीही वेगवेगळ्या खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला. तुरुंगातल्या मित्रानं ‘माझ्या आईकडं बघ’ असं पत्र लिहिलं, तर त्यात कटाची सांकेतिक भाषा सापडते. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईची केस ऐकायलाच नकार देतो. हे सगळं विनोदी आहे, आणि त्यातलं काहीच अशक्य नाही. म्हणून हसू घशात अडकतं.

पण दोस्तहो, काळ्या विनोदाला एक प्रश्न नेहमी विचारावा : मेलेला माणूस कोण आणि हसणारा कोण? कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारों’ (१९८३) आठवा. तोही मुंबईचा, तोही भ्रष्ट व्यवस्थेवर. त्यातला कमिशनर डिमेलो गटाराचं कौतुक सांगत सुटतो आणि आपण पोट धरून हसतो. मग त्याच डिमेलोचं प्रेत सिनेमाभर नाचवलं जातं. सिनेमा थोर आहे, वाद नाही. पण गटारावर एवढं हसून झाल्यावरही गटारात उतरणारा माणूस त्यात कुठंच नाही. ‘कोर्ट’मध्ये तो माणूस आहे. त्याचं प्रेत मात्र सिनेमा दाखवत नाही. त्याची विटंबना करून हशा पिकवत नाही. हे मोठं काम आहे, आणि ते आपण मोकळ्या मनानं कबूल केलं पाहिजे.

सिनेमाचा कणा म्हणजे वासुदेवच्या बायकोची साक्ष. ती रडत नाही. ओरडत नाही. विचारलं तेवढं सांगते. नवरा दारू प्यायचा, कारण त्या घाणीत शुद्धीवर उतरता येत नाही. अंगावर साधन काही नाही. खाली झुरळं दिसली तर समजायचं हवा आहे, मग उतरायचं. वायूनं त्याचा एक डोळा आधीच गेलेला. ही भूमिका उषा बाने यांनी केलीय. त्या पेशानं नटी नव्हेत, आणि पडद्यावर त्यांचा एक शब्द खोटा वाटत नाही. तिच्या मराठी बोलण्याचं न्यायाधीश इंग्रजी करतो आणि टायपिस्टला सांगतो. बाईचं अख्खं जगणं दोनचार ओळींत कागदावर बसतं. माझ्या मते सिनेमातला सगळ्यात क्रूर विनोद हाच. कुणी शिवी देत नाही, कुणी हात उगारत नाही. भाषांतर होतं, बस्स.

आता तक्रार. कोर्ट उठलं की कॅमेरा काळ्या कोटांच्या मागं त्यांच्या घरी जातो. वकील व्होराबरोबर तो सुपरमार्केटात जातो, गुजराती आईबापांच्या जेवणाच्या टेबलावर बसतो. सरकारी वकीलबाईंच्या स्वयंपाकघरात शिरतो. त्यांच्यासोबत परप्रांतीयांना हाकलणारं मराठी नाटक बघतो, आणि तिथलं थेटर खदखदून हसतं. न्यायाधीशाबरोबर सुट्टीला रिसॉर्टवर जातो, अंकशास्त्राचा सल्ला ऐकतो, बाकावरची डुलकी बघतो. तिघांनाही घर आहे, भूक आहे, हौस आहे. म्हणून ते राक्षस वाटत नाहीत, माणसं वाटतात. बरोबरच आहे. पण वासुदेवची बायको वकिलाच्या गाडीतून जाते. तो पैसे देऊ करतो, तिला काम पाहिजे असतं. तिची चूल मात्र आपल्याला दिसत नाही. शाहीर मंचावर दिसतो, पिंजऱ्यात दिसतो. रात्री एकटा असताना तो काय खातो, कशाला भितो, ते दिसत नाही. आपली माणसं साक्षीपुरती आणि गाण्यापुरती. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कॅमेरा जब्याच्या घरातच राहायला आलाय. दोन्ही सिनेमे एकापाठोपाठ बघा, फरक डोळ्यात भरेल.

कुणी म्हणेल, सिनेमाचं नावच ‘कोर्ट’ आहे, कोर्टाला जेवढं दिसतं तेवढंच तो दाखवतो. तसं असतं तर रिसॉर्ट कशाला दाखवला?

थेटरातून उतरल्यावर सिनेमा घरात बघायच्या रूपात निघाला. अमेरिकेत झाइटगाइस्ट कंपनीनं त्याची डीव्हीडी काढली. सिनेमा लोकांच्या घरी पोचला, आणि ज्या घरात तो स्वतः कधी गेला नाही तशा घरांतही पोचला. हिंगोली-कळमनुरीकडच्या पोरांना असले सिनेमे बघायला मिळतात ते लॅपटॉपवर नाहीतर मोबाइलवरच. कुणी म्हणेल पडदा लहान झाला. होऊ द्या. थेटरात शेजारचा हसला की आपणही हसतो. घरी ती लाट नाही, आणि हातात थांबवायचं बटण आहे. तर ‘कोर्ट’ अभ्यासमंडळात लावा आणि साक्ष दोनदा बघा. एकदा तिच्याकडं बघत, एकदा टायपिस्टकडं कान देऊन. ती काय बोलली आणि कागदावर काय उतरलं, ते वहीत शेजारी शेजारी लिहून काढा. न्याय कुठं गळतो ते व्याख्यानाशिवाय कळेल.

कारण हा पडद्यापुरता मामला नाही. हातानं मैला उपसायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये त्याचे ३० लाख केले. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ माणसं उतरतच होती. गाणाऱ्यांचंही तेच. सिनेमातल्या शाहिराला जामीन मिळतो आणि मग यूएपीएखाली पुन्हा उचलतात. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएनं अटक केली, तीही यूएपीएच्याच खटल्यात. सिनेमा त्याच्या पाच वर्षं आधीचा.

नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ ला, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, ते करोनानं गेले. पडद्यावर त्यांनी अभिनय असा काही केलाच नाही. पिंजऱ्यात उभं राहायची सवय चळवळीतल्या माणसाला शिकवावी लागत नाही. शाहिराला कोर्टात विचारतात, असं गाणं लिहिलंस का? तो म्हणतो, अजून नाही. त्या ‘अजून’वर थांबा. अख्ख्या सिनेमात एवढा एकच विनोद आपल्या माणसाच्या तोंडी आहे, आणि तो कुणालाच घाबरलेला नाही.

शेवटी न्यायाधीश बाकावर झोपतो. पोरं त्याला दचकवतात, तो एकाला थोबाडीत मारतो आणि परत डोळे मिटतो. ताम्हाण्यांनी कॅमेरा तिथं ठेवला, ती त्यांची जागा. वासुदेवच्या घरातून सुरू होणारा सिनेमा अजून निघायचाय. तो काढायला आता खिशातला मोबाइलही पुरतो, आणि त्या घराची वाट आपल्याला कुणाला विचारावी लागत नाही.