सेंद्रिय आकार आणि लाकडाचा नकार : ईम्स यांच्या ‘डीसीडब्ल्यू’ खुर्चीचा विचार

‘सेंद्रिय एकात्मता’ ही संज्ञा मराठी समीक्षेत रुळलेली आहे. परस्परावलंबी घटकांतून सिद्ध होणारे पूर्णत्व असा तिचा अर्थ घेतला जातो. उपयोजित कलेत मात्र ‘सेंद्रिय’ म्हणजे पाने, शिंपले, हाडे यांच्या आकारांचे अनुकरण, एवढाच अर्थ पुष्कळदा उरतो. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९४५-४६ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘डीसीडब्ल्यू’ ही जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची या समजाला छेद देते.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४० मध्ये घरगुती सामानाच्या सेंद्रिय रचनेसाठी स्पर्धा घेतली होती. चार्ल्स ईम्स व इरो सारिनेन यांनी तीत पाठ आणि बैठक अखंड असलेली खुर्ची सादर करून पारितोषिक मिळविले. परंतु प्लायवूड एकाच ठिकाणी दोन दिशांनी वळविले की तडकते. ते व्यंग कापड व गादीखाली झाकावे लागले. आकार सेंद्रिय खरा, पण तो लाकडावर लादलेला होता.

पुढे लॉस एंजेलिसमधील राहत्या घरात, सायकलच्या पंपाने हवा भरावयाच्या एका घरगुती साच्यावर ईम्स दांपत्याचे प्रयोग चालले. १९४२ पासून अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला बांधावयाचे प्लायवूडचे आधार त्यांनी तयार केले. या आधारांना पाडलेल्या फटींतून पट्टी ओवता येई आणि लाकडावरील ताणही सैल होई. लाकडाचे म्हणणे ऐकण्याची ही शिकवण खुर्चीत उतरली. बैठक व पाठ वेगळी झाली. पुढचे पाय, मागचे पाय आणि त्यांना जोडणारा कणा धरून पाच भाग झाले. सांध्यांत रबराच्या चकत्या आल्या, त्यामुळे बसणाऱ्याबरोबर पाठ किंचित हलते. येथे सादृश्य शरीराच्या रूपाशी नसून त्याच्या सांध्यांच्या कार्याशी आहे.

तथापि ही एकात्मता निर्दोष नाही. लाकूड व रबर यांना जोडणारा चिकटा कालांतराने सुटतो. शिवाय पातळ बैठकीखालचे जाड लाकडी पाय काहीसे बोजड वाटतात. धातूच्या सडपातळ पायांची ‘डीसीएम’ हेच काम कमी सामग्रीत करते. सर्वत्र एकच द्रव्य असावे हा आग्रह प्रयोजनापेक्षा वरचढ ठरला, असे म्हणण्यास जागा आहे. याच दांपत्याने १९५८ च्या भारतविषयक अहवालात लोट्याची थोरवी सांगताना हात, वजन, तोल यांचेच प्रश्न विचारले होते, हे येथे लक्षात घ्यावे.

उरतो कर्तृत्वाचा प्रश्न. रे या हान्स हॉफमन यांच्याकडे शिकलेल्या चित्रकार होत्या. प्लायवूडची शिल्पेही त्यांनी घडविली होती. खुर्चीच्या वळणांतील संयम या चित्रकाराच्या दृष्टीशिवाय उलगडत नाही. त्याच संग्रहालयाने १९४६ मध्ये हे फर्निचर प्रदर्शित केले, तेव्हा प्रदर्शनाच्या शीर्षकात नाव होते ते केवळ चार्ल्स ईम्स यांचे.