आधी मर्जी, मग अंतर

आरएफसी ४२७१ हा जानेवारी २००६चा दस्तऐवज रसिकतेने वाचा म्हटलं, तर लोक हसतील. संपादक याकोव्ह रेख्टर, टोनी ली आणि सुझन हेअर्स. विषय बीजीपी, म्हणजे इंटरनेटवरची स्वतंत्र नेटवर्कं आपापल्या वाटा एकमेकांना कशी कळवतात त्याचे नियम. याचा पहिला आराखडा रेख्टर आणि कर्क लॉहीड यांनी १९८९ साली जेवता जेवता कागदी नॅपकिनांवर मांडला होता. आजचा दस्तऐवज शंभरावर पानांचा आहे. त्यातली बरीच पानं रुक्ष, पण वाट निवडण्याचं ९.१ हे कलम पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. त्याची सगळी गंमत क्रमात आहे.

आधी पात्रता: पुढचा थांबा गाठता येतो ना, आणि वाटेत आपल्याच नेटवर्कचा क्रमांक आलेला नाही ना? (सिस्कोच्या राउटरवर शेवटी निवड झालेल्या वाटेच्या ओळीआधी बाण दिसतो.) मग लोकल प्रेफरन्स, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्याची मर्जी. लांबी त्यानंतर. तीही किलोमीटरांत नाही. वाटेत किती नेटवर्कं लागतात, एवढंच मोजायचं. झिरो माइलच्या नागपूरला हे जरा लागणारच! धरमपेठेत समोरासमोरच्या दोन घरांचे इंटरनेटवाले वेगळे असले, तर एका घरातून दुसऱ्यात थेट निघालेलं पॅकेट मुंबईला जाऊन परत येऊ शकतं. बीजीपीच्या लेखी त्यात गैर काहीच नाही.

हा क्रम पक्का डोक्यात असला की बिघाडही वाचता येतो. समजा, कॉफी हाऊस चौकाजवळच्या एका छोट्या इंटरनेटवाल्याने दोन बड्या कंपन्यांकडून लाइन घेतली आहे, एक रोजची, एक अडीनडीची. अडीनडीच्या लाइनवर तो आपला क्रमांक मुद्दाम तीनदा जाहीर करतो: ६४५०० ६४५०० ६४५००. काव्यशास्त्रात पुनरुक्ती हा दोष. इथे ती विनवणी आहे, ‘बाबांनो, इकडून येऊ नका’. तरी ती लाइन देणाऱ्या कंपनीच्या नेटवर्कमधून येणारं ट्रॅफिक त्याच लाइनवर. तो आणखी चारदा क्रमांक जोडतो, फरक शून्य. कारण पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून आलेल्या वाटेला मोठ्या कंपन्या सहसा जास्त लोकल प्रेफरन्स देतात, आणि मर्जीचा निकाल लागल्यावर लांबी पाहायची पाळीच येत नाही. त्या कंपनीने सोय ठेवली असेल, तर वाटेला ठरावीक ‘कम्युनिटी’ची खूण लावायची, ती पाहून कंपनीचा राउटरच मर्जी खाली आणतो.

सगळंच बरोबरीत सुटलं तर? कलम शेवटाकडे गुणवत्तेचा आवच सोडतं: ज्या राउटरचा ओळखक्रमांक लहान, त्याची वाट. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण सिस्कोने त्याआधी स्वतःची एक पायरी घातली: बाहेरून आलेल्या दोन वाटांत जी आधीपासून नांदते आहे, ती ठेवायची. त्यामुळे वाहती वाट उगाच हलत नाही, म्हणून मूळ पाठापेक्षा मला हा पाठभेद सरस वाटतो. मात्र राउटर रीस्टार्ट झाला की कोणतं सत्र आधी जुळलं यावर निकाल ठरतो, आणि कॉन्फिगरेशनमधली एक ओळही न बदलता ट्रॅफिक दुसऱ्या लाइनवर गेलेलं दिसतं.