मसूरचा रस्ता आणि मानसशास्त्र

सातारा-सांगलीकडच्या आमच्या वर्गांत फ्रॉइड, स्किनर, मास्लो पाठ होतात. इथल्या अनुभवावर ते सहसा घासून पाहिले जात नाहीत. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे मोजून पोरांनीच गाडी हाकली. रात्री टोलनाक्यावर पाणी नाकारले गेले. शिदोरी जवळ असून मुले उपाशी झोपली.

मास्लो तहान-भूक पहिल्या पायरीवर ठेवतो, प्रतिष्ठा वर. भाकरीला अग्रक्रम देणारा हा विचार चळवळीला पटतो. पण इथे प्रतिष्ठा नाकारली म्हणूनच पाणी नाकारले गेले. मग जिना टिकतो कुठे?

फ्रॉइडने बालपणीची जखम गंभीरपणे घेतली, हे त्याचे मोठेपण. ती तो शोधतो मात्र आईबापांत. ही जखम सरकारी रस्त्यावरची आहे.

स्किनरची शिक्षा-बक्षिसाची मांडणी, रुक्ष असली तरी, अधिक उपयोगी. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मधली (१९८१) आटपाडीची तराळकी तिच्या उजेडात वाचावी. फक्त आमचे प्राध्यापक दबलेल्याचीच सवय तपासतात. पाणी नाकारणाऱ्या टोलवाल्याला समाजाकडून कोणते बक्षीस मिळत होते, हा प्रश्नही स्किनरच्याच चौकटीत बसतो, पण प्रश्नपत्रिकेत येत नाही.