निस्टॅटिनची अर्धी गोष्ट

बुरशीवरील निस्टॅटिन या औषधाची गोष्ट बहुतेक लेखांत एकाच थाटात येते: न्यूयॉर्कच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ हेझन, ऑल्बनीच्या रसायनशास्त्रज्ञ रेचेल ब्राउन, टपालाने ये-जा करणाऱ्या बरण्या, व्हर्जिनियातील शेताची माती आणि १९५० साली यश. बरण्या रंजक खऱ्या. पण उंदीर कुठे गेले? बुरशीची पेशी आपल्यासारखीच केंद्रकयुक्त. त्यामुळे बुरशी मारणारे बहुतेक पदार्थ उंदरांनाही मारत. हेझनबाईंना ते एकामागून एक बाद करावे लागले. निस्टॅटिन बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटते; आपल्या पटलात त्याजागी कोलेस्टेरॉल असते. एवढ्याशा फरकावर सारी भिस्त! म्हणूनच बुरशीनाशक औषधांचे गट आजही मोजके आहेत, आणि २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदलेली कँडिडा ऑरिस फ्लुकोनॅझोलला बहुधा दाद देत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरते.