लॉरेन्सचा रस्ता

माझी लेक बुलेट चालवते. ती घरी येईपर्यंत मला झोप नाही. म्हणून टी. ई. लॉरेन्सच्या ‘द मिंट’मधलं ‘द रोड’ हे प्रकरण मी दोनदा वाचलं. मोटारसायकलवरून विमानाशी शर्यत! गाडीवरचं त्याचं प्रेम खरं आहे, मलाही ते भुलवतं. पण त्या वर्णनात वाटेवरच्या इतरांना फारशी जागाच नाही. १९३५ च्या मेमध्ये दोन सायकलवाली मुलं समोर आली. त्यांना चुकवताना तो पडला, सहा दिवसांनी गेला. हेल्मेट नव्हतं. त्याला तपासणारे डॉ. ह्यू केर्न्स पुढं हेल्मेटच्या अभ्यासाकडं वळले. आपली ईर्यासमिती सांगते, चार हात पुढचं पाहून चाला. लॉरेन्सच्या सुंदर लेखनात मला नेमकं तेवढंच कमी वाटलं.