आठ नाताळ, किती दिवाळ्या?

पॉल ग्रॅहम यांनी १९९५ साली सहकाऱ्यांसह काढलेली व्हायावेब कंपनी १९९८ मध्ये याहूने घेतली. ‘लाइफ इज शॉर्ट’ या २०१६ च्या निबंधात हा उद्योजक बाप चक्क हिशेब मांडतो: दोन वर्षांच्या मुलासोबतचे शनिवार-रविवार अवघे ५२, तीन ते दहा वयातली नाताळची जादू आठच वेळा. साधा हिशेब, म्हणूनच काळजाला भिडतो. उपाय मात्र तोकडा. निरर्थक कामे छाटा, पैसा-प्रतिष्ठेपेक्षा वेळ कमी वाया घालवणारी नोकरी बरी, असा त्यांचा कल. पण एच-१बी व्हिसा नोकरी देणाऱ्या कंपनीशी बांधलेला. आपल्यापैकी अनेकांना ते दार सहज उघडत नाही. शिवाय दिवंगत आईच्या आठवणीने हळवे होणारे ग्रॅहम आजी-नातवंडांचा हिशेब मांडत नाहीत. तो आपणच मांडायला हवा: मुलांच्या बालपणात आजीसोबतच्या दिवाळ्या किती?