प्रसारणाची परिभाषा : काही विचार

मराठी परिभाषेवर संस्कृतप्रचुरतेचा आक्षेप इतक्या वेळा घेतला जातो की, तो तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. प्रसारणाच्या क्षेत्रापुरते पाहू जाता तो टिकत नाही. ‘ध्वनिमुद्रण’, ‘चित्रीकरण’, ‘निवेदक’, ‘वाहिनी’ हे सारे संस्कृतोद्भवच. तरी ते गिरगाव-दादरच्या घराघरांत रुळले आहेत. शब्द रुजण्या-न रुजण्याचे कारण अन्यत्र शोधावयास हवे.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ‘नभोवाणी’ हे सामान्यनाम. ते कोणत्याही देशाच्या वा मालकाच्या केंद्रास लावता येते. म्हैसूरच्या केंद्राशी निगडित असलेला ‘आकाशवाणी’ हा शब्द मात्र ऑल इंडिया रेडिओने १९५७ मध्ये स्वीकारला आणि तो एका संस्थेचे विशेषनाम झाला. ‘लंडनची आकाशवाणी’ असे आता म्हणवत नाही. रोज कानी पडणाऱ्या या नावापुढे ‘नभोवाणी’ मागे पडली आणि सामान्यनामाची जागा ‘रेडिओ’ने घेतली.

‘दूरदर्शन’ची कथा याहून बोलकी आहे. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९७६ पासून ही शाखा आकाशवाणीपासून वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संस्था झाली. एकच वाहिनी होती तोवर संस्था आणि माध्यम यांतील भेद कोणास जाणवला नाही. पुढे खासगी वाहिन्या आल्या. १९९९ साली सुरू झालेल्या ‘अल्फा मराठी’ला ‘दूरदर्शन’ कसे म्हणावे? लिहिताना सहा अक्षरी ‘दूरचित्रवाणी’चा आश्रय घ्यावा लागला, बोलताना ‘टीव्ही’ होताच. एक सुटसुटीत, अर्थवाही शब्द मराठीने गमावला. तो संस्कृतपणामुळे नव्हे, तर शासनाच्या मक्तेदारीमुळे.

याउलट लालबाग-परळचा ‘भोंगा’ पाहावा. गिरणीची पाळी सांगणारा हा शब्द. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या; शब्द मात्र कर्ण्याच्या आकाराच्या ध्वनिक्षेपकाला चिकटून राहिला. मंडपातल्या चौकोनी पेटीला कोणी भोंगा म्हणत नाही, तो ‘स्पीकर’. म्हणजे ‘ध्वनिक्षेपक’ या एका शब्दाखाली झाकला जाणारा भेद लोकांनी आपण होऊन राखला. परिभाषेचे काम याहून निराळे ते काय?

‘डिजिटल’साठी सुचविलेला ‘अंकीय’ मात्र मला पटत नाही. अंक नाटकाचा असतो, दिवाळीचा असतो; ‘अंकीय अंक’ लिहून पाहावे म्हणजे अडचण कळते. येथे ‘डिजिटल’ खुशाल ठेवावा. ‘सेटटॉप बॉक्स’ही तसाच : २००६ अखेर दक्षिण मुंबईत तो सक्तीचा झाला आणि घरोघर नुसता ‘बॉक्स’ म्हणून स्थिरावला.

खरी दक्षता घ्यावयाची ती ‘प्रक्षेपण’ आणि ‘प्रसारण’ यांच्या बाबतीत. हे दोन्ही शब्द आपले आहेत आणि आपणच त्यांची सरमिसळ करतो. मनोऱ्यावरून लहरी सोडणे हे प्रक्षेपण. कार्यक्रम श्रोत्या-प्रेक्षकांपर्यंत पोचविणे हे प्रसारण. लालबागच्या गणपतीचे दर्शन इंटरनेटवरून मोबाइलवर येते तेव्हा वृत्तपत्रे ‘थेट प्रक्षेपण’ लिहितात. वस्तुतः तेथे प्रक्षेपणाचा मनोरा नाही. आहे ते प्रसारणच. प्रबंधांत तरी हा भेद पाळला जावा.